सात वर्षांच्या लेकीला टेनिस शिकायचंय. सुरुवात कशी करू?

फुलेवाडीची आई | ११ जानेवारी, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. माझी मुलगी सात वर्षांची, दुसरीत आहे. गेल्या महिन्यात नागाळा पार्कात एका नातेवाइकांकडं गेलो होतो. परतताना मेरी वेदर ग्राउंडच्या टेनिस कोर्टापाशी थांबलो, तर ही जाळीला नाक लावून पाऊण तास उभी. हलायचं नाव नाही. तेव्हापासून घरी बॅडमिंटनची जुनी रॅकेट आणि स्पंजचा बॉल घेऊन जिन्याखालच्या भिंतीवर ठोकाठोकी सुरू आहे, आणि "आई, मी टेनिसला जातो की" हे रोजचं पालुपद. (बाहेरगावच्या वाचकांसाठी: आमच्या कोल्हापूरच्या पोरीही 'जातो-येतो'च म्हणतात.)

अडचण अशी की घरात टेनिस कुणीच खेळलेलं नाही. सासर शिवाजी पेठेतलं. तिथं पोरगं चालायला लागलं की त्याच्या पायात फुटबॉल येतो. टेनिसचं कोर्ट आमच्यापैकी कुणी आत जाऊन पाहिलेलं नाही.

सात हे वय लवकर आहे की उशीर झालाय? रॅकेट कुठली घ्यायची? ती डावखुरी आहे, आणि सासूबाईंचं म्हणणं आहे की खेळायला तरी उजवा हात लावा. आणि सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे, आम्हा दोघांना काही येत नसताना घरी तिला काही मदत करता येईल का, की सरळ कोचच्या हाती सोपवायचं? तिची ही आवड एका उन्हाळ्यात विझू नये, एवढंच वाटतं.

पेठेचा गोली | ११ जानेवारी, रात्री १०:३५

वहिनी, पोरगी जाळीला चिकटून पाऊण तास उभी राहिली म्हंजे निम्मं काम तिनंच केलंय. आता आपण फक्त आडवं यायचं नाही.

मी फुटबॉलवाला, टेनिसमधलं मला कळत नाही. पण बारक्या पोरांना पंधरा वर्षं मैदानावर बघतोय. जी पोरं आधी भरपूर पळाली, झाडावर चढली, सूरपारंबी-लगोरी खेळली, ती पुढं कुठल्याबी खेळात लवकर बसतात. लगोरीत नेम धरून चेंडू मारायचा, पाठीत बसायच्या आत अंग चुकवायचं, हे टेनिसच्याच कामाचं की. तेवढं फुटबॉलपासनं तोडू नका तिला. काकासंगट मैदानात येऊ द्या, पाय हलके होतील.

गुळाचा खडा | ११ जानेवारी, रात्री ११:१०

माझं मत वेगळं आहे. सात म्हणजे उशीर नाही, पण आता वेळ घालवू नये. आपल्या कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव २०२२ मध्ये विम्बल्डनला चौदा वर्षांखालच्या स्पर्धेत खेळली. ती स्पर्धा विम्बल्डननं त्याच वर्षी पहिल्यांदा घेतली होती. कोल्हापुरातली मुलगी तिथवर जाऊ शकते हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. उद्याच चांगल्या अकादमीत नाव घाला, आठवड्याचे सहा दिवस. घरी चुकीच्या सवयी लागल्या तर त्या मोडायलाच दोन वर्षं जातात.

माझा मुलगा नऊ वर्षांचा, दोन वर्षं खेळतोय. तेवढ्या अनुभवावर सांगतोय.

मुरमाचं कोर्ट | १२ जानेवारी, सकाळी ६:१५

माझं वय चौसष्ट, टेनिस लहानपणापासून. आमच्या वेळी कोर्ट मुरमाचं. दुपार कलली की पाणी मारायचं, रोलर ओढायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या, मग खेळायचं. मी शिकलो मार्करच्या, म्हणजे क्लबात पगारावर खेळवणाऱ्या माणसाच्या हाताखाली, मोठ्या माणसाच्या लाकडी रॅकेटनं. मनगट दुखायचं आणि बॉल डोक्यावरून जायचा. माझ्याबरोबर सुरू केलेल्या अकरा पोरांपैकी दोघं टिकलो. बाकीच्यांना खेळाची गोडी लागली नाही, असं आम्ही तेव्हा म्हणायचो. आज वाटतं, त्यांना खेळायला मिळालंच नाही.

का ते सांगतो. टेनिसचा नेहमीचा पिवळा बॉल २५४ सेंटिमीटरवरून, म्हणजे १०० इंचांवरून टणक जमिनीवर सोडला तर १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे, असा नियमच आहे. सात वर्षांचं पोर साधारण १२० सेंटिमीटर उंच. तुमच्या-माझ्या कमरेला येणारा बॉल तिच्या कानापाशी येणार. तिनं तो मारायचा कसा? एकतर ती मागं-मागं पळते, नाहीतर रॅकेट तोंडापुढं धरून कसाबसा थोपवते. गुळाचा खडा, वाकड्या सवयींची तुमची भीती खरी आहे. पण त्या घरी खेळल्यानं लागत नाहीत, अंगाला न पेलणाऱ्या बॉलमुळं लागतात.

यावर आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघानं लाल, नारिंगी आणि हिरवा असे तीन हळू बॉल ठरवून दिलेत. लाल बॉल नेहमीच्यापेक्षा सुमारे ७५ टक्के हळू. त्याच उंचीवरून सोडला तर ९० ते १०५ सेंटिमीटरच उसळतो, म्हणजे तिच्या डोक्यावरून जात नाही. नारिंगी ५० टक्के हळू, हिरवा २५ टक्के. कोर्टही पोराबरोबर वाढत जातं. लाल बॉलला ११ ते १३ मीटर लांबीचं, नारिंगीला १८ मीटरचं, आणि हिरव्या बॉलला मोठ्यांचंच, २३.७७ मीटरचं. २०१२ पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा बॉल वापरायचा नाही असा नियम महासंघानं केला. याला कुणी लुटुपुटीचा खेळ समजू नये. छोट्या कोर्टावर पोर कोपरा बघून मारतं, समोरच्याला पळवतं, नेटजवळ येऊन व्हॉली घेतं, म्हणजे टप्पा पडायच्या आत मारतं. मला ह्या गोष्टी करायला विसावं वर्ष उजाडलं होतं.

आता घरी काय करता येईल ते. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४ मीटर लांब आणि ६.१ मीटर रुंद असतं, म्हणजे लाल बॉलच्या कोर्टाच्या जवळपास मापाचं. तुमच्या आसपास एखाद्या अपार्टमेंटमध्ये किंवा शाळेच्या आवारात असं आखलेलं कोर्ट सापडेल. त्याचं नेट पाच फुटांवर असतं, ते ८० सेंटिमीटरवर आणा. नेट नसेल तर दोन खुर्च्यांना दोरी बांधा, दोरीवर जुन्या ओढण्या टाका.

फुलेवाडीची आई | १२ जानेवारी, दुपारी २:२०

काका, अकरातले दोघंच टिकलात हे वाचून गलबललं. इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार.

आज सकाळी आम्ही एका दुकानात जाऊन आलो. दुकानदारानं २७ इंची रॅकेट काढली. म्हणाला, "मोठी होईल तशी पुरंल की, दरसाल कुठं बदलत बसता." लाल बॉल त्यांना ठाऊकच नव्हते. रॅकेट न घेता आलो. ठीक केलं ना?

निळा ट्रॅकसूट | १२ जानेवारी, रात्री ९:०५

अगदी ठीक केलंत ताई. २७ इंच ही मोठ्या माणसाची लांबी. शाळेचा गणवेश दोन बोटं मोठा घेतलेला चालतो, रॅकेट चालत नाही. जास्तीचे चार इंच तिच्या मनगटाला आणि कोपराला सोसावे लागतात.

मी लहान मुलांच्या बॅचला मदतनीस म्हणून शिकवतो, हा प्रश्न रोजचा आहे. तिला सरळ उभं करा, हात बाजूला सैल सोडायला सांगा आणि त्या हातात रॅकेट मुठीच्या टोकाला धरू द्या. रॅकेटचं वरचं टोक जमिनीला नुसतं टेकायला हवं. घासत असेल तर लांब, अधांतरी राहिलं तर आखूड. ढोबळमानानं पाच-सहा वर्षांना २१ इंच, सहा ते आठला २३, आठ ते दहाला २५, पुढं २६. तुमच्या लेकीला बहुधा २३. अ‍ॅल्युमिनियमची साधी रॅकेट पुरे, ग्रॅफाइट आत्ता नको. गट्टिंग, म्हणजे रॅकेटची जाळी, किती घट्ट, कुठल्या तारेचं, हे प्रश्न चार वर्षांनी. मूठ मात्र बघून घ्या. मूठ जाड असली की बोटं पुरत नाहीत, पोर ती जीव खाऊन आवळतं आणि खांद्यापर्यंत ताठ होतं.

पैसे थोडे जास्त घालायचेच तर बुटांवर घाला. पळायचे बूट सरळ पुढं जाण्यासाठी केलेले असतात, त्यांची टाच उंच. टेनिसमध्ये आडवं पळून झटकन थांबायचं असतं, उंच टाचेवर घोटा मुरगळतो. सपाट तळाचे, बाजूनं घट्ट धरणारे बूट घ्या.

लाल बॉल ऑनलाइन मिळतात. येईपर्यंत तिचा स्पंजचा बॉल उत्तम. क्रिकेटसाठी मुद्दाम वजनदार केलेला टेनिस बॉल मिळतो, तो मात्र चुकूनही नको. टेनिसचा खरा बॉल ५६ ते ५९ ग्रॅमचा असतो, तो जड बॉल त्याहून बराच भारी.

घरी काय करायचं? पहिला आठवडा रॅकेट बाजूला ठेवा. तुम्ही खालून बॉल टाका, एक टप्पा पडू द्या, तिनं दोन्ही हातांनी पकडायचा. बॉल जमिनीला लागला की तिनं मोठ्यानं "टप्पा" म्हणायचं, हातात आला की "धर". ह्या दोन शब्दांमधलं अंतर कानाला कळलं की टायमिंग यायला लागतं. मग एका हातानं. मग रॅकेटवर बॉल ठेवून हॉलभर चालायचं, रॅकेटनं खाली टप्पे, मग वर उडवणं. त्यानंतर "टप्पा, मार". सर्व्हिससाठी आत्ता काही शिकवू नका, फक्त बॉल फेकू द्या, खांद्यावरून, जमेल तितका लांब. दगडानं चिंचा पाडणाऱ्या पोराला सर्व्हिस शिकवायला फार वेळ लागत नाही.

तुम्हाला टेनिस येत नाही ह्याची काळजी सोडा. खालून बॉल टाकता येतो ना? ह्या वयाला आई-बाबांना तेवढंच यावं लागतं.

शाईचा डावा हात | १२ जानेवारी, रात्री १०:४०

डावखुऱ्या लेकीबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

मी डावखुरा. लहानपणी शाळेत माझ्या डाव्या हाताच्या बोटांवर पट्टी बसायची. चौथीपर्यंत उजव्या हातानं लिहायला लागलो, पण शाळेची जी धास्ती बसली ती बरीच वर्षं उतरली नाही. आजही घाईत सही करताना हात आधी डावाच पुढं येतो.

सासूबाईंना दुखवू नका, त्यांच्या काळी सगळ्या घरांत हेच सांगत. पण तिचा हात बदलू नका. टेनिसमध्ये डावा हात ही जमेची बाजू आहे. बहुतेक पोरं उजव्या हातानं खेळतात, त्यामुळं सगळ्यांना सवय उजव्या हाताशी खेळायची. डावखुऱ्याचा बॉल उलट्या बाजूला वळतो, सर्व्हिस भलत्याच कोपऱ्यातून बाहेर निघते. राफाएल नदाल लिहितो उजव्या हातानं, पण खेळला डाव्या हातानं आणि २२ ग्रँड स्लॅम जिंकला.

फुलेवाडीची आई | १३ जानेवारी, सकाळी ७:३०

दादा, तुमची पोस्ट सासूबाईंना वाचून दाखवली. पट्टीचं ऐकून गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "माझ्या धाकट्या भावालाबी असंच मारायचे." नातीला जवळ घेऊन म्हणाल्या, "खेळ बाई डाव्यानं." आमच्या घरात एवढा प्रश्न तरी मिटला.

पंचगंगेची लेक | १४ जानेवारी, रात्री १२:१५

मी मूळची कोल्हापूरची, लग्नानंतर पुण्यात. इथं लिहावं की नाही, दोन दिवस विचार करत होते.

माझ्या मुलानं सहाव्या वर्षी टेनिस सुरू केलं. पहिली दोन वर्षं तो रॅकेट उशाशी घेऊन झोपायचा. आठव्या वर्षापासून आम्ही स्पर्धांच्या मागं लागलो. शनिवार-रविवार कुठलं तरी गाव. तो हरला की परतताना गाडीत मी बोलायचे. रागवायचे नाही, आवाज चढवायचे नाही, समजावून सांगायचे. दुसऱ्या सेटला पाय का हलले नाहीत, तो सोपा बॉल नेटमध्ये का घातलास. दोन तासांचा रस्ता आणि दोन तास तेच. त्याचे तेव्हाचे कोचही त्याच वाटेचे. हरलेल्या मुलांना सोमवारी मैदानाला जादा फेऱ्या.

बाराव्या वर्षी एका रविवारी तो उठलाच नाही. अंग गरम नव्हतं, पोट दुखत नव्हतं. म्हणाला, "आई, मला गाडीत बसायचं नाही." टेनिस खेळायचं नाही असं तो म्हणाला नव्हता. त्या वाक्याचा अर्थ मला कळायला सहा महिने लागले, आणि तोवर रॅकेट माळ्यावर गेली होती. आज तो सतरा वर्षांचा आहे. चांगला मुलगा आहे, अभ्यास करतो, हसतो-बोलतो. टीव्हीवर टेनिस लागलं की उठून जातो.

ताई, तुमची मुलगी अजून जाळीला नाक लावून उभी आहे. तिची मॅच झाली की भूक लागली का, एवढंच विचारा. बाकीचं ती आपण होऊन सांगेल तेव्हा ऐका.

पेठेचा गोली | १४ जानेवारी, सकाळी ८:००

ताई, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. आमच्याकडंबी असली पोरं बघितल्यात. सतरा म्हंजे काय वय झालंय का? त्याला कोल्हापूरला पाठवा सुट्टीत. टेनिसचा विषय काढत नाही, नुसतं मैदानात बसू, कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊ.

गुळाचा खडा | १५ जानेवारी, रात्री ९:४५

पंचगंगेची लेक, तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. परवाच सांगलीहून येताना मी गाडीत मुलाशी अगदी हेच करत होतो. तो खिडकीबाहेर बघत होता, मला वाटलं ऐकतोय.

काल त्याला विचारलं, आठवड्यातनं किती दिवस टेनिस खेळायला आवडेल? म्हणाला, चार दिवस, आणि दोन दिवस मित्रांबरोबर क्रिकेट. तसं ठरवलंय. सहा दिवसांचा माझा सल्ला मी मागं घेतो.

पण एक प्रश्न आहेच. आज ना उद्या कोच लागणार. पालकाला खेळ कळत नसताना चांगला कोच ओळखायचा कसा?

निळा ट्रॅकसूट | १५ जानेवारी, रात्री १०:५०

क्रिकेट सोडू नका अजिबात. रॉजर फेडररसुद्धा बाराव्या वर्षापर्यंत फुटबॉल खेळत होता, मग टेनिस निवडलं.

कोचबद्दल. नाव घालण्याआधी जाऊन कडेला एक पूर्ण तास बसा. एकाच मुलावर नजर ठेवा आणि ते तासात किती बॉल मारतं ते मोजा. बारा पोरांची रांग, कोच एकेकाला दोन बॉल टाकतोय, मारून झालं की रांगेच्या शेपटाला. अशा तासात पोराचा बहुतेक वेळ उभं राहण्यात जातो. तेच कोर्ट आडव्या दोऱ्या बांधून चार तुकड्यांत वाटलं, पोरांच्या जोड्या लावल्या, की प्रत्येकाला कितीतरी पट बॉल मिळतात. मी स्वतः रांगेत शिकलो. शिकवायला लागल्यावर पहिली रांग मोडली.

बॉलचा रंग बघा. आठ वर्षांची पोरं पूर्ण कोर्टावर पिवळ्या बॉलनं खेळताना दिसली तर विचारा, का? पोरं एकमेकांशी गुण मोजून खेळतात का ते बघा. लहान मुलांना टेनिसच्या पंधरा-तीस-चाळीस अशा मोजणीची गरज नाही, एक-दोन-तीन करत सातपर्यंत गेलं तरी त्यांची झुंज लागते. आणि पोर चुकल्यावर कोचच्या तोंडून काय निघतं, ते कान देऊन ऐका.

पालकांना कडेला बसू देत नाहीत अशा ठिकाणी, विशेषतः लहान मुलींना, घालू नका. यात तडजोड नाही.

पर्सनल कोचिंगची घाई नको. सात-आठ वर्षांच्या मुलाला ग्रुप बॅचच बरी. बरोबरीचं कुणी खेळताना दिसलं की ते आपोआप शिकतं.

मुरमाचं कोर्ट | १६ जानेवारी, सकाळी ६:०५

ट्रॅकसूटशी पूर्ण सहमत. एक भर घालतो, कारण ही गोष्ट पहिल्या दिवसापासून शिकवता येते आणि नंतर फार जड जाते.

लहान मुलांच्या बहुतेक मॅचला प्रत्येक कोर्टावर पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला बॉल आत की बाहेर, हे ज्यानं-त्यानं स्वतः सांगायचं असतं. आणि नियम असा की शंका असली तर बॉल आतच धरायचा, म्हणजे गुण समोरच्याला. नऊ वर्षांच्या पोरानं सामना अटीतटीला आलेला असताना स्वतःच्या विरुद्ध "आत होता" म्हणायचं. मी मोठमोठी माणसं तिथं घसरताना पाहिलीत. घरी दोरीच्या कोर्टावर खेळताना तुमचा बॉल रेघेला लागला की निर्णय तिला द्यायला लावा, आणि ती सांगेल तो माना. चुकीचं सांगितलं तरी त्या वेळी माना. तुम्ही स्वतःच्या बाजूला खरं सांगताय हे तिला रोज दिसलं की ती आपोआप तसं करते.

फुलेवाडीची आई | ९ मार्च, रात्री ९:१५

दोन महिन्यांनी लिहितेय. शाळेची परीक्षा तोंडावर आहे, पण रोजची वीस मिनिटं चुकलेली नाहीत.

शेजारच्या अपार्टमेंटच्या आवारात बॅडमिंटनचं पुसट झालेलं कोर्ट मिळालं. सेक्रेटरी काकांनी परवानगी दिली, वर स्वतः खडू आणून रेघा ठळक करून दिल्या. खुर्च्या, दोरी, ओढण्या. २३ इंची रॅकेट मला तेराशेला पडली, मग मिस्टरांनी स्वतःसाठी एक जुनी रॅकेट मित्राकडून आणली. लाल बॉलचा एक संच आणि बूट धरून सगळं मिळून पाच हजारांच्या आत बसलं. नव्या पालकांना अंदाज यावा म्हणून लिहिते.

पहिले पंधरा दिवस घरभर नुसतं "टप्पा, धर" ऐकू यायचं. सासूबाई भाजी निवडता-निवडता तिला बॉल टाकायच्या. बसल्या जागेवरून, खालून, अगदी अचूक. आता बाप-लेकीची सलग रॅली चौदा बॉलांपर्यंत गेलीय. चौदावा बॉल तिनं मारला आणि रॅकेट टाकून माझ्याकडं पळत आली. मला टेनिसमधलं अजूनही फार कळत नाही, पण त्या चौदा बॉलांत दोघंही एकमेकांकडं ज्या नजरेनं बघत होते, ते मी कधी पाहिलं नव्हतं.

काका, रेघेचंही सांगते. पहिल्या आठवड्यात ती बापाचा प्रत्येक बॉल बाहेर देत होती. हे काही न बोलता गुण सोडत होते, आणि स्वतःच्या बाजूला तिचा बॉल निसटता लागला तरी "आत" म्हणत होते. गेल्या रविवारी तिनं एक बॉल "बाहेर" म्हटलं, दोन पावलं चालली, थांबली, परत येऊन खडूची खूण बघितली आणि म्हणाली, "बाबा, आत हाय. तुमचा गुण."

मुरमाचं कोर्ट | १० मार्च, सकाळी ६:००

सकाळी चहाबरोबर ही पोस्ट वाचली. आज दिवसभर पुरेल.

उजळाईवाडीकर | २ मे, दुपारी ४:४०

धागा आत्ता सापडला, पूर्ण वाचला. माझा मुलगा दहा वर्षांचा. सुट्टीच्या शिबिरात रोज दोन वेळा टेनिस सुरू आहे. आठवड्यापासून टाच दुखते म्हणतो, सकाळी लंगडतो. कोच म्हणतात सवय नाही म्हणून. खेळू देऊ का?

हाडामासाची गोष्ट | २ मे, रात्री ८:३०

मी फिजिओथेरपिस्ट आहे. न बघता निदान करणार नाही, पण ह्या वयात टाचेच्या हाडाची वाढ चालू असते आणि पोटरीची ताठ शीर त्या वाढत्या भागाला ओढते. उड्या आणि पळणं एकदम वाढलं की तिथं दुखतं. हे बरं होतं, पण दुखत असताना दामटून खेळवलं की लांबतं. लंगडतोय म्हणजे आज थांबवा. अस्थिरोगतज्ज्ञांना एकदा दाखवून घ्या. बूट घासून सपाट झालेत का तेही बघा.

सगळ्याच पालकांना सांगते, लहान मुलाचं स्नायूचं दुखणं एक-दोन दिवसांत जायला हवं. सांध्यापाशी बोट ठेवून "इथंच दुखतं" म्हणाला, किंवा चाल बदलली, तर ती सवय नसल्याची खूण मानू नका. आणि मे महिन्यात सकाळी नऊनंतरचं ऊन टाळा. पाणी तहान लागायच्या आधी द्या. डब्यात केळं, नाहीतर गूळ-शेंगदाणे पुरेत.

उजळाईवाडीकर | ११ मे, रात्री ९:००

आभार. डॉक्टरांनी तीन आठवडे पळणं बंद सांगितलं. खुर्चीवर बसून भिंतीवर व्हॉली मारतोय, तेवढी परवानगी आहे.

फुलेवाडीची आई | १६ जून, रात्री ८:५०

पाऊस सुरू झाला. बाहेर दोरीचं कोर्ट वाहून गेल्यासारखं झालंय, आणि आपल्याकडचा पाऊस म्हणजे सप्टेंबरपर्यंत बघायला नको. एक जूनपासून तिला आठवड्यातून तीन दिवस ग्रुप बॅचला घातलंय. तास मोजून घातलं. रांग नाही, लाल बॉल आहेत, कडेला बसायला बाक आहे. पण पावसात तिथंही निम्मे दिवस सुट्टी. घरी काय करू?

निळा ट्रॅकसूट | १६ जून, रात्री ९:४०

पार्किंग. भिंतीवर ८० सेंटिमीटरवर खडूनं आडवी रेघ मारा, ते नेट. रेघेच्या वर चार चौकोन काढा आणि आकडे घाला. स्पंजचा बॉल, म्हणजे गाड्यांना धोका नाही. भिंतीपासून तीन-चार पावलांवर उभं राहून व्हॉली, मागं सरून एक टप्पा घेऊन फोरहँड-बॅकहँड. उरलेल्या वेळात दोरीच्या उड्या. चार महिने दोरीवर उड्या मारलेलं पोर दिवाळीनंतर कोर्टावर आलं की ओळखू येतं.

पंचगंगेची लेक | २० जून, रात्री ११:३०

गोलीदादा, मुलगा मे महिन्यात कोल्हापूरला मामाकडं आला होता. दोन संध्याकाळी तुमच्या मैदानावर बसून होता म्हणे. तिसऱ्या दिवशी गोलमध्ये उभा राहिला. काल घरी माळ्यावरून एक बॅग खाली आलेली दिसली. मी काही विचारलेलं नाही.

पेठेचा गोली | २१ जून, सकाळी ७:१०

इचारू नका, ताई.

फुलेवाडीची आई | ६ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:२०

पाऊस उघडला. खडूच्या रेघा परत मारल्या. रॅलीचा आकडा आता एकतीस आहे, डाव्या हातानं, आणि परवापासून सासूबाई मोजायला खुर्ची टाकून बसतात. अपार्टमेंटमधली आणखी चार पोरं येतात, त्यातल्या दोघांकडं रॅकेट नाही, आळीपाळीनं खेळतात.

दर रविवारी सकाळी साडेसातला आम्ही तिथंच असतो. फुलेवाडी, रंकाळा, संभाजीनगर भागातल्या कुणाला आपलं पोर आणायचं असेल तर मला इथं निरोप टाका. दोरी आणि लाल बॉल आहेत. जुनी २१ किंवा २३ इंची रॅकेट माळ्यावर पडली असेल तर ती तेवढी घेऊन या.